राहुलाचा आरसा आणि आपले घर

भगवान बुद्धांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग म्हणजे सम्मासति, अर्थात सम्यक स्मृती. मराठीत 'स्मृती' म्हटले की आठवण एवढाच अर्थ चटकन मनात येतो. पाली भाषेतील 'सति' या शब्दात आठवण आहेच, पण तिच्याबरोबर जागेपणाही आहे. आपण या क्षणी काय करीत आहोत, काय बोलत आहोत आणि मनात काय चालले आहे याचे भान सुटू न देणे, असा तिचा अर्थ आहे. आपल्या गावांतून धम्मवर्गात अष्टांगिक मार्ग पाठ करून घेतला जातो. विद्यार्थी आठही अंगे धडाधड म्हणून दाखवतात. सातव्या अंगाचा अर्थ विचारला की मात्र बहुतेकांचे उत्तर एकच असते : डोळे मिटून ध्यानाला बसणे.

हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. १९६९ साली आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी मुंबईत पहिले दहा दिवसांचे विपश्यना शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. तेव्हापासून महाराष्ट्रातील हजारो उपासक-उपासिकांनी त्या मार्गाचा लाभ घेतला आहे. आपल्या जिल्ह्यातूनही लोक रजा काढून, शेतीची कामे आटोपून शिबिराला जातात. पण शिबिरातून परतलेला माणूस सकाळी तासभर बसतो आणि उठल्याबरोबर चहा गार झाला म्हणून घरातल्या बाईवर खेकसतो, हेही आपण पाहतो. तासभर जपलेली स्मृती त्या एका कपात बुडाली कशी? प्रस्तुत लेखात आम्हांला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ध्यानाची बैठक हा आजचा विषय नाही. बैठकीवरून उठल्यानंतर आई-वडील, पती-पत्नी, सासू-सून, भाऊ-भाऊ, शेजारी आणि हाताखालची माणसे यांच्याशी वागताना स्वतःकडे कसे पाहावे, हा विषय आहे.

आरसा कशासाठी असतो?

मज्झिम निकायात अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. राजगृहाजवळ अम्बलट्ठिका येथे राहुल राहत होता. अट्ठकथेप्रमाणे त्या वेळी तो अवघा सात वर्षांचा होता. तथागत त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते दाखवून तथागतांनी त्याला जाणूनबुजून खोटे बोलण्याविषयी समजावले. नंतर ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ केले आणि प्रत्येक वेळी त्याच भांड्यावरून शिकवण दिली. त्यानंतर त्यांनी विचारले, राहुला, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा तथागतांनी सांगितले की, त्याचप्रमाणे कायेने, वाचेने आणि मनाने केले जाणारे प्रत्येक कर्म पुन्हा पुन्हा पाहून करावे.

हे पाहणे तीन वेळा करावयाचे आहे : कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. पाहताना विचारायचा प्रश्न एकच आहे. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होणार आहे काय? येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तथागतांनी राहुलाला देवाच्या कोपाची भीती घातली नाही, शास्त्राचा आधार दाखवला नाही, की लोक काय म्हणतील असेही विचारले नाही. कसोटी परिणामाची ठेवली आणि ती तपासण्याचे काम सात वर्षांच्या मुलाच्या स्वाधीन केले. मुलाच्या विवेकावर इतका विश्वास आपण आपल्या घरात किती वेळा ठेवतो, हाही एक प्रश्नच आहे.

सुत्तातील क्रम आधी, चालू असताना आणि नंतर असा आहे. नवशिक्या साधकाने मात्र उलट्या टोकाकडून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. बोलण्यापूर्वी पाहणे सर्वांत कठीण आहे, कारण शब्द सुटायला क्षणही लागत नाही. नंतर पाहणे त्यामानाने सोपे आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरातील एकच प्रसंग घ्यावा. कोणाशी बोललो, कोणत्या आवाजात बोललो, समोरच्याचा चेहरा कसा झाला, आपल्या मनात काय होते, हे क्रमाने आठवावे. महिनाभर असे केले की पुढची पायरी आपोआप येते. भांडण चालू असतानाच मध्येच लक्षात येते की आवाज चढला आहे. तेथे थांबता आले नाही तरी चालेल, लक्षात आले हेच पुष्कळ आहे. शब्द ओठावर येण्यापूर्वी दिसू लागणे ही त्याच्याही पुढची पायरी आहे आणि तिला वर्षे लागतात.

त्याच सुत्तात आणखी एक बारकावा आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. कायेने किंवा वाचेने चूक घडली तर ती शास्त्यापुढे किंवा जाणत्या सहकाऱ्यापुढे उघड करावी, झाकून ठेवू नये, असे तथागत म्हणतात. केवळ मनात वाईट विचार आला असेल तर मात्र तो उघड करण्यास सांगितलेले नाही. त्या विचाराची लाज वाटावी आणि पुढे सावध राहावे, एवढेच सांगितले आहे. संसारात हा भेद फार उपयोगी पडतो. सुनेविषयी मनात येऊन गेलेला प्रत्येक कडवट विचार तिला सांगणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. पण तिला चारचौघांत लागेल असे बोललो असू, तर ते चारचौघांतच मागे घेतले पाहिजे.

राग येतो आणि जातो

सतिपट्ठान सुत्तात निरीक्षणाची चार क्षेत्रे दिली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म. येथे वेदना म्हणजे दुखणे नव्हे. स्पर्शाबरोबर जाणवणारी सुखद, दुःखद किंवा यांपैकी कोणतीही नसलेली अनुभूती म्हणजे वेदना. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेनंतर तृष्णा येते. या दोन कड्यांमध्ये जी बारीक फट आहे तिच्यात सगळी साधना मावते, असे म्हणण्यास हरकत नाही.

उदाहरण घेऊ. सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलेला शेतकरी बाप संध्याकाळी घरी येतो. ओलावा जास्त आहे म्हणून भाव कमी लागलेला असतो. दिवसभर उन्हात उभे राहून अंग आंबलेले असते. उंबरठ्यात पाऊल टाकताच मुलगा म्हणतो, "अण्णा, परीक्षेचा फॉर्म भरायचाय, उद्या शेवटची तारीख आहे." बापाच्या तोंडून निघते, "आलो नाही तोच सुरू झालं तुमचं! मी काय झाडाला हलवू का पैशासाठी?" आता क्रम पाहा. मुलाचे शब्द कानावर पडले, हा स्पर्श झाला. छातीत काहीतरी आवळले, कानशिले तापली, ही दुःखद वेदना झाली. हे नकोसे झाले, ही तृष्णेचीच दुसरी बाजू. मग शब्द बाहेर पडले. बापाचा राग मुलावर नव्हताच. तो भावावर होता, आडत्यावर होता, पावसावर होता. ते कोणी समोर नव्हते, मुलगा समोर होता. मुलाच्या मनात मात्र एवढेच राहिले की शिक्षणाचे नाव काढले की बापाला राग येतो. अशा दोन-चार संध्याकाळी एखाद्या पोराचे शिक्षण थांबवण्यास पुरेशा होतात.

छाती आवळली हे बापाला त्या क्षणी कळले असते तर काय झाले असते? पैसे आले नसते. भावही वाढला नसता. पण "जरा टेकू दे, पाणी पिऊ दे, मग बघू" एवढे वाक्य निघू शकले असते. सम्यक स्मृतीचे संसारातील फळ बहुधा अशा एका साध्या वाक्याएवढेच असते. ते लहान वाटते, पण त्या घरात मुलगा पुढच्या वर्षीही फॉर्म भरतो.

चित्ताच्या निरीक्षणात सुत्त म्हणते की, चित्तात द्वेष असेल तर द्वेषयुक्त चित्त आहे हे जाणावे. नसेल तर नाही हे जाणावे. मी दुष्ट आहे असे म्हणण्यास सुत्त सांगत नाही. आपली मराठी भाषा येथे मदतीला येते. आपण राग 'येतो' म्हणतो, राग 'गेला' म्हणतो. पाहुणा यावा आणि जावा तशी ही भाषा आहे. "तू मला राग आणलास" हे वाक्यही आपण बोलतो, पण त्या वाक्यात आपल्या मनाची सगळी सूत्रे समोरच्याच्या हाती जातात. "मला राग येतोय, थोड्या वेळाने बोलू" या वाक्यात ती आपल्याकडे राहतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी पती-पत्नींच्या भांडणांचा अनेक वर्षे अभ्यास केला. भांडणात छातीची धडधड फार वाढली की समोरच्याचे म्हणणे नीट कानात शिरत नाही, अशा वेळी निदान वीस मिनिटे बाजूला होऊन शांत व्हावे, असा त्यांचा सल्ला आहे. याच देशात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात सतीवर आधारलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तो आज जगभर शिकवला जातो. विज्ञानाची साक्ष मिळाली म्हणून धम्म खरा ठरतो असे नाही, पण विद्यार्थ्यांना ही माहिती असावी.

कालीची परीक्षा

आता थोडा अवघड भाग. मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात तथागतांनी श्रावस्तीच्या वैदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट सांगितली आहे. ही बाई सौम्य, नम्र आणि शांत आहे अशी गावभर कीर्ती होती. तिच्या घरी काली नावाची कामसू दासी होती. कालीला प्रश्न पडला की, मालकिणीला खरोखर राग नाही, की माझे काम चोख असते म्हणून तो दिसत नाही? परीक्षा पाहण्यासाठी ती एक दिवस उशिरा उठली. मालकीण चिडली. दुसऱ्या दिवशी काली आणखी उशिरा उठली, मालकीण तोडून बोलली. तिसऱ्या दिवशी त्याहून उशीर झाला, तेव्हा मालकिणीने दाराच्या अडसराची खीळ उचलून तिच्या डोक्यात मारली. रक्ताळलेल्या डोक्याने काली शेजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, बघा, सौम्य बाईचे काम बघा!

मनाला न रुचणारे शब्द कानावर येत नाहीत तोवर कोणीही शांत दिसतो, ते शब्द आल्यावर खरे काय ते कळते, असा बोध तथागतांनी भिक्खूंना दिला. हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. आम्ही वाचकांचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. वैदेहिकेच्या शांतपणाची किंमत रोज पहाटे उठून काली चुकती करीत होती. घराघरांतून अशी शांतता आढळते. "आमच्याकडे कधी आवाज चढत नाही" असे घरचा कर्ता अभिमानाने सांगतो. त्या घरातील बाई चार वाजता उठलेली असते, पाणी भरलेले असते, डबे झालेले असतात आणि आवाज चढू नये म्हणून तिने आपले दहा शब्द गिळलेले असतात.

आत्मनिरीक्षण करणाऱ्या पुरुषाने स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा. कचेरीत साहेब बोलला तेव्हा राग गिळता आला, मग घरी तो का गिळता येत नाही? उत्तर स्वच्छ आहे. राग अनावर नसतो. कोणासमोर आवरायचा हे मनाला पक्के ठाऊक असते. तो उतारावरून वाहणाऱ्या पाण्यासारखा खालीच जातो : साहेबाकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून पत्नीकडे, पत्नीकडून लेकराकडे. जातिव्यवस्थेत वरच्याने खालच्याला तुडवावे आणि त्याने आणखी खालचा शोधावा, अशी जी उतरंड डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जगापुढे उघडी केली, तिचीच एक प्रत आपल्या घरात मांडून ठेवलेली असते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नी ही पतीची मैत्रीण आणि बरोबरीची असावी, दासी नसावी, असे निक्षून सांगितले होते. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणाऱ्यांनी हे भाषण घरी मोठ्याने वाचावे.

आपल्या जिल्ह्यालाही बाबासाहेबांचे पाय लागले आहेत. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. त्या नावातच दोन समाज एकत्र बसविण्याचा प्रयत्न दिसतो. इतक्या वर्षांनंतर शेजारच्या वस्तीतील माणूस दारात आला असता आपल्या मनात पहिली लहर कोणती उठते, त्याला बसायला काय देतो, मुलीचे स्थळ सुचवताना कोणती घरे विचारातही येत नाहीत, हे पाहणे चित्तानुपस्सनेतच येते. असे पाहणे सुखाचे नसते. भाषणात समतेचा उच्चार करणे त्याहून कितीतरी सोपे आहे.

अबोला म्हणजे शांती नव्हे

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात लेणी आहेत. ती मूळची बौद्ध असून पुढे जैनांकडे गेली, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे, मतभेदही आहेत. मोठ्या लेण्यात मधोमध खांबांचे प्रशस्त दालन आणि भोवती लहान लहान खोल्या आहेत. सहलीला गेलेले विद्यार्थी मूर्ती पाहतात आणि परततात. त्या खोल्यांकडे थोडे थांबून पाहावे. विहाराची ही रचनाच अशी आहे की दार उघडले की सगळे एकमेकांसमोर. वर्षावासाचे तीन महिने, बाहेर पाऊस, वेगवेगळ्या स्वभावांची माणसे आणि एकच दालन. तेथे कुरबुरी झाल्या नसतील असे समजण्याचे कारण नाही. किंबहुना विनय पिटकाचा मोठा भाग अशा कुरबुरींतूनच तयार झाला आहे.

विनयाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावास केला. भांडणे होऊ नयेत म्हणून त्यांनी युक्ती काढली की तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. जो भिक्षेहून आधी येईल त्याने आसने मांडावी, पाणी ठेवावे. जो शेवटी जेवेल त्याने झाडून-आवरून घ्यावे. कोणाला पाण्याचे भांडे रिकामे दिसले तर त्याने भरावे. जड असेल तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलवावे, पण शब्द काढू नये. वर्षावास संपल्यावर ते तथागतांकडे गेले आणि आम्ही फार सुखाने राहिलो म्हणाले. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली. हे जनावरांसारखे, मेंढरांसारखे राहणे झाले, असे ते म्हणाले. भिक्खूंनी मौनव्रत घेऊ नये असा नियम केला आणि त्याऐवजी पवारणा घालून दिली. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघापुढे विनंती करावयाची की, माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर कृपा करून मला सांगा.

आता याच्या शेजारी चूळगोसिंग सुत्त ठेवावे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे एकत्र राहत असत. त्यांची दिनचर्या हुबेहूब तीच : आधी येणारा आसने मांडतो, शेवटचा आवरतो, रिकामे भांडे दिसेल तो भरतो, जड असेल तर खुणेने बोलावतो. तरीही तथागतांनी या तिघांची प्रशंसा केली. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते राहतात, असे म्हटले. मग फरक कोठे पडला? एक तर हे तिघे दर पाचव्या दिवशी रात्रभर बसून धम्माविषयी बोलत. दुसरे, त्यांची शांतता मैत्रीतून आलेली होती. अनुरुद्ध म्हणतो की, आपली इच्छा बाजूला ठेवून या सहकाऱ्यांच्या मनाप्रमाणे का वागू नये, असे मला वाटते. कोसलातील भिक्खूंची शांतता भीतीतून आलेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही विहार सारखेच दिसले असते.

आपल्या घरांतील अबोला कोणत्या प्रकारचा असतो, हे ज्याचे त्याने तपासावे. बांधावरून दोन भावांत वीस-वीस वर्षे अबोला असतो. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोघे औत हाकतात, बैल एकमेकांना ओळखतात, भाऊ ओळख दाखवत नाहीत. नवरा-बायकोचा अबोला मुलांच्या मार्फत चालतो : "तुझ्या बापाला सांग, जेवण वाढलंय." ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत कळंब, वाशी, भूम, परंडा भागातील कितीतरी मुले सहा-सहा महिने आजी-आजोबांपाशी राहतात. रोजच्या फोनवर "जेवलास का, अभ्यास कर" याच्या पुढे काही बोलले जात नाही. दोन्ही बाजूंना बरेच काही साठलेले असते. हा अबोला रागाचा नाही, पण त्याचे ओझे कमी नसते.

पाण्याचे भांडे कोणी भरायचे, हा प्रश्न तर आपल्या जिल्ह्याला मुद्दाम शिकवण्याची गरज नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत जन्माचे शेजारी हमरीतुमरीवर आले. आजही नळाला पाणी येण्याची वेळ ही अनेक गल्ल्यांतून भांडणाची वेळ असते. अनुरुद्धाचे रिकामे भांडे आम्हांला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. ज्याला दिसले त्याने भरावे, कोणाची पाळी हे विचारू नये. एक सप्ताह घरात हे करून पाहावे आणि भरताना मनात "रोज मीच का?" हा विचार कितव्या दिवशी येतो तो टिपून ठेवावा. आला म्हणून वाईट वाटून घेऊ नये. घरातील बाईच्या मनात तो किती वर्षे येत असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

डोंबाऱ्याचा शिष्य

येथे एक शंका घेतली जाईल. प्रत्येकाने आपल्या मनाकडेच पाहत बसावे, तर ही स्वार्थी साधना नव्हे काय? संयुत्त निकायातील सेदक सुत्तात याचे उत्तर आहे. एक डोंबारी बांबू उभा करून आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्याला खांद्यावर चढण्यास सांगतो आणि म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ दाखवून, पैसे मिळवून आपण सुखरूप खाली उतरू. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, तरच आपण नीट उतरू. आठवडी बाजारात डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेल्या कोणालाही शिष्याचे म्हणणे पटेल. बांबूवरचा स्वतःचा तोल सोडून खालच्याची काळजी करू लागला तर दोघेही पडतील. तथागतांनी शिष्याची बाजू उचलून धरली आणि लगेच पुढे सांगितले की, स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो. दुसऱ्याला सांभाळणे कशाने होते? क्षमाशीलतेने, अहिंसेने, मैत्रीने आणि करुणेने.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मार खाणाऱ्या स्त्रीनेही आपल्या मनाकडेच पाहावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. काली रक्ताळलेले डोके घेऊन घरात बसून राहिली नाही, शेजाऱ्यांकडे गेली, आणि तथागतांनी तिला कोठेही दोष दिलेला नाही. घरातील हिंसेविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, १८१ हा महिलांसाठी दूरध्वनी क्रमांक आहे. त्यांचा आधार घेणे हा धम्माचा भंग नव्हे. त्याचप्रमाणे कर्जाने, नापिकीने खचून जो माणूस जेवत नाही, झोपत नाही, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलतो, त्याला आत्मनिरीक्षणाचा उपदेश करू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये, जिल्हा रुग्णालयात न्यावे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर २०२२ पासून मोफत सल्ला मिळतो, तो क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा. मनाकडे पाहण्यास थोडे तरी बळ लागते. बुडणाऱ्याला आधी काठावर आणावे लागते.

दारूविषयी थोडेच. पंचशीलातील पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे कारण म्हटले आहे आणि प्रमाद म्हणजे स्मृती हरवणे. बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. प्यालेल्या माणसाने आपण भानावर आहोत असे कितीही सांगितले तरी आरसा आधीच पालथा पडलेला असतो.

विद्यार्थ्यांनी हा अभ्यास वसतिगृहातील खोलीपासून सुरू करावा. खोलीतील सोबत्याची बादली, त्याचा मोठ्याने चालणारा मोबाईल, परीक्षेत त्याला आपल्यापेक्षा जास्त पडलेले गुण, ही सगळी निरीक्षणाची सामग्रीच आहे. मित्राचा निकाल ऐकल्यावर तोंडाने "अभिनंदन" म्हणताना मनात काय होते ते पाहावे. समाजमाध्यमांवरील गटात उत्तर टाइप करून झाल्यावर पाठवण्यापूर्वी एकदा वाचावे. राहुलाला जे तोंडी बोलण्याविषयी सांगितले तेच येथेही लागू आहे, फरक एवढाच की येथे "पूर्वी पाहणे" थोडे सोपे आहे, कारण शब्द अजून आपल्याजवळ असतात.

पवारणा घरातही करता येईल. आपल्याकडे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, समारोपाला भोजनदान होते. त्याच रात्री घरातील सर्वांनी एकत्र बसावे आणि गेल्या तीन महिन्यांत माझे काय चुकले ते सांगा, असे एकमेकांना विचारावे. याला दोन अटी आहेत. सांगणाऱ्याने तथागतांनी घालून दिलेल्या वाणीच्या कसोट्या पाळाव्या : वेळ साधून, खरे, सौम्यपणे, हिताचे आणि मैत्रीभावाने बोलावे. ऐकणाऱ्याने त्या रात्री उत्तर देऊ नये, सफाई देऊ नये.

प्रथम कोणी विचारायचे, हा प्रश्न घराघरात येईल. विनयात तो सोडवलेला आहे. संघात पवारणेची सुरुवात ज्येष्ठ भिक्खू करतो, नवदीक्षित नव्हे. श्रावस्तीच्या पूर्वारामात सुमारे पाचशे भिक्खूंपुढे स्वतः तथागतांनी, माझ्या कायेत किंवा वाचेत तुम्हांला काही दोष दिसला काय, असे विचारले होते. तेव्हा घरात वडिलांनी किंवा सासूबाईंनी प्रथम विचारावे, सुनेने आणि मुलांनी नंतर. पहिल्या वर्षी बहुधा कोणी काहीच सांगणार नाही. मुले खाली पाहतील, सून पदराशी चाळा करील आणि "नाही मामंजी, तसं काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर त्या रात्रीची बैठक संपवावी आणि पुढच्या आश्विन पौर्णिमेला पुन्हा विचारावे.